मनीऑर्डर ते लोन : मालवणी मुलखातील पैशाचे शब्द

मराठीतील परकीय शब्दांविषयी लिहिताना आम्ही अभ्यासक मंडळी बहुधा दरबारापासून सुरुवात करतो. ज्या शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, त्यांनीच पुढे फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविणारा ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. तरीही जमा, खर्च, कर्ज, हिशेब हे अरबी-फारसीतून आलेले शब्द वह्यांतून उठले नाहीत. ‘पगार’ तर पोर्तुगीज. गोव्याचा शेजार लाभलेल्या या किनाऱ्याला तो परका वाटण्याचे कारणच नव्हते.

इंग्रजी शब्द मात्र येथील घरांत दरबारामार्फत शिरले नाहीत, टपालाने शिरले. १८८० साली मनीऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले, १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक निघाली. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होते आणि जिल्ह्यातील माणसे मुंबईच्या गिरण्यांत भरती होत होती. गावी राहिलेल्या आई-बायकोला शाळा ठाऊक नसे, ‘मनीऑर्डर’ ठाऊक असे. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी चिंचोळे कूपन असे. पैसे कशासाठी, गणपतीला येणे जमेल की नाही, म्हाताऱ्यांची प्रकृती कशी, एवढेच त्यात मावे. अंगठा उठविणाऱ्या बाईला तेही पोस्टमनकडून वाचून घ्यावे लागे. नवऱ्याचा खाजगी शब्द तिच्या कानी तिसऱ्याच्या तोंडून पडे. पत्रवाङ्मयाची चर्चा करताना आम्ही थोरामोठ्यांच्या पत्रांचे खंड चाळतो, या कूपनांकडे मात्र कधी वळलो नाही. ती जपलीही गेली नाहीत. १९८२च्या गिरणी संपानंतर कितीतरी घरांत ‘मनीऑर्डर’ हा शब्द नुसता वाट पाहण्यापुरता उरला. २०१५ मध्ये टपाल खात्याने जुनी कागदी मनीऑर्डर बंद केली, तेव्हा फारशी कोणाची अडचण झाली नाही.

पासबुक, चेक, ड्राफ्ट यांविषयी आमची तक्रार नाही. वस्तू नवी, म्हणून नावही नवे. ‘लोन’ची गोष्ट वेगळी आहे, कारण येथे वस्तू जुनीच आहे. कर्ज डोक्यावर असते, ते फेडावे लागते, बुडवले तर नाव जाते. लोन ‘पास होते’, ‘बसते’, आणि त्याचा हप्ता ‘ईएमआय’ होऊन खात्यातून परस्पर जातो. भार तोच, शब्दाने तो जाणवेनासा केला, असे आम्हांस वाटते. ‘व्याज’ या शब्दाचेही पाहावे. संस्कृतात व्याज म्हणजे मिष, कपट. व्याजस्तुती शिकविताना आपण हे वर्गात सांगतोच. ‘इंटरेस्ट’ म्हटले की ती शंका मावळते, उलट त्यात थोडा रसच असल्यासारखा वाटतो!

अर्थात बोलणारा आम्ही समजतो तितका भोळा नसतो. आंबा-काजूच्या बागेवर रक्कम उचलणारा बागायतदार बँकेच्या काउंटरवर लोन म्हणतो. घरी बायकोशी बोलताना तो कर्जच म्हणतो.