नाममुद्रा : पोथीपासून एमपी-थ्रीपर्यंत

कृतीच्या अखेरीस कर्त्याचे नाव नोंदविण्याची प्रथा मराठीला नवी नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा येते. हस्तलिखित पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळीही हेच घडले. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गाणे संपताच ती इंग्रजीतून आपले नाव उच्चारी. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो.

१९९६ मध्ये एरिक केम्प यांनी एमपी-थ्रीसाठी रचलेला 'आयडी-थ्री' टॅगही फाइलीच्या शेवटीच बसे. एकूण जागा १२८ बाइट. शीर्षक आणि कलावंत यांना प्रत्येकी ३०. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम १० चिन्हे. 'बालगंधर्व' मावतात, 'मास्टर दीनानाथ' मध्येच तुटतात. प्रकारांच्या मूळ ८० नावांत नाट्यसंगीत नव्हतेच.

पनवेलात आम्ही विद्यार्थ्यांना नाट्यपदे ऐकवतो, तेव्हा हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. हातोहात आलेल्या फायलींवर कधी 'ट्रॅक ०१', तर कधी प्रश्नचिन्हांची रांग. 'संगीत मानापमान' (१९११) मधील पद खाडिलकरांचे, चाल गोविंदराव टेंबे यांची, गळा तिसऱ्याचा. टॅगच्या पुढील आवृत्तीत गीतकार-संगीतकारांचे स्वतंत्र रकाने आले. पण ते भरतो कोण? कवी पहिल्यांदा गळतो. नाममुद्रेच्या साम्यामुळे विष्णुदास नामा यांचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळले, आणि ते निवडण्याचे काम संशोधकांच्या माथी आले. हरवलेल्या मुद्रेपेक्षा चुकीची मुद्रा अधिक घातक असते.

म्हणून दुरुस्तीलाही पाठचिकित्सेचीच शिस्त हवी. मूळ फाइलीला हात न लावता प्रथम प्रत करावी. विचित्र रोमन अक्षरे दिसत असतील, तर बाइट बहुधा शाबूत असतात. योग्य संकेतन निवडून वाचले की देवनागरी परतते. प्रश्नचिन्हेच जतन झाली असतील, तर त्या टॅगमधील मजकूर गेलाच. मग साक्ष बाहेर शोधायची : नाटकाची छापील संहिता, कॅसेटचे वेष्टन, तबकडीच्या लेबलालगतचा मॅट्रिक्स क्रमांक. आवाज ओळखीचा वाटला, एवढ्यावर नाव लिहू नये. रिकामा रकाना पुढच्या अभ्यासकाला शोधायला लावतो; अंदाजाने भरलेला रकाना त्याचा शोधच थांबवतो.