बाईमाणूस, गडीमाणूस

दोन वर्षांमागे बुद्ध पौर्णिमेला आपल्या विहारात एक प्रसंग घडला. ज्यांनी पाहिला त्यांना तो आठवत असेल, बाकीच्यांच्या कानावर गेलाच असेल. आपल्या वस्तीतलेच एक लेकरू, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घर सोडून पुण्याकडे गेलेले, त्या दिवशी पांढरे पातळ नेसून वंदनेला आले. गेले तेव्हा मुलगा म्हणून गेले होते. विहारात आपली बैठक ठरलेली आहे, एका अंगाला गडीमाणसे, दुसऱ्या अंगाला बायामाणसे. ते दारातच उभे राहिले. बायांत कुजबुज सुरू झाली, पोरांत हसू फुटले. त्या दिवशीची व्यवस्था आमच्याकडे होती. आम्ही म्हणालो, "बाहेर मांडवात बस, तिथं पण ऐकू येतंय." ते काही बोलले नाही. चपला घातल्या आणि निघून गेले. मग त्रिशरण-पंचशील झाले, खीरदान झाले, भाषणे झाली. एक भाषण आमचेही झाले. रात्री आमच्या कुटुंबाने विचारले, "देवळाच्या पायरीबद्दल इतकी वर्षं बोलता, आज पायरी कुणी दाखवली?" आम्हाला उत्तर सुचले नाही.

स्मरणिकेच्या मंडळाने आम्हाला खरे तर जिल्ह्यातल्या चळवळीचा इतिहास लिहायला सांगितला होता. बाबासाहेब १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले, तिथपासून सुरुवात करा असे सुचवले होते. तो इतिहास जाणकारांनी लिहिला आहे, यापुढेही लिहितील. आम्ही या वेळी दारातून परत गेलेल्या माणसाचा इतिहास शोधला. आमचे शिक्षण नववी नापास. वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी एक गुंता सोडवू. आपण चार वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो. पहिली गोष्ट शरीर. जन्मताच दाई किंवा नर्स जे बघून सांगते ते. दुसरी, समाजाने त्या शरीरावर लादलेले काम आणि वागणूक, ज्याला अभ्यासक लिंगभाव म्हणतात. तिसरी पेहराव, चाल, बोलणे. चौथी म्हणजे आतून आपण स्वतःला कोण समजतो ती ओळख. बहुतेकांच्या बाबतीत या चारी गोष्टी एका रांगेत येतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे कधी ध्यानातच येत नाही.

आम्हाला दुसरी गोष्ट गिरणीत कळली, पुस्तकात नाही. आम्ही सूतगिरणीत बदली म्हणून लागलो तेव्हा वायंडिंग खात्यात दिवसपाळीला बाया असत. तुटलेल्या सुताला गाठ मारायची, कोन भरायचा. जॉबर सांगायचा, "हे बाईच्याच बोटाचं काम आहे, गड्याला जमत नाही." पण १९४८ च्या कारखाना कायद्याने बायांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायला मनाई होती. मग रात्रपाळीला तेच मशीन कोण चालवत होते? आम्हीच. तीच गाठ, तेच सूत. रात्री आमची बोटे काही बाईची होत नव्हती.

पेहरावाचे तर आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले की लुगडे नेसण्याची तुमची तऱ्हा आणि अंगावरचे ते कथलाचे दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. आणि त्यांनी नेसण टाकली. गुडघ्यापर्यंत आखूड नेसायचे हे काही कुणाच्या शरीरात लिहिलेले नव्हते. कुणी कसे नेसावे हे गावाने ठरवलेले होते. पेहराव ठरवणाऱ्याच्या हातात सत्ता असते, हे आपल्याइतके कुणाला कळावे?

तमाशातला नाच्या घ्या. गणपत पाटलांना जुन्या मंडळींनी पडद्यावर पाहिले आहे. ते घरसंसाराचे, मुलाबाळांचे बाप. नाच्या ही त्यांची भूमिका होती, पोटाची कला होती. पण लोकांनी पडद्याबाहेरही त्या माणसाला हिणवले. म्हणजे पेहराव आणि हातवारे पाहून ओळख ठरवली, आणि ती साफ चुकली.

आता धम्माकडे येऊ. बुद्धाच्या काळात हा प्रश्न आला होता का? आला होता, आणि नेमका आपल्या विहारासारखाच, कुणी कुठल्या बाजूला बसावे असा. विनयपिटकात नोंद आहे. एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीचे लिंग प्रकट झाले. भिक्खूंनी तथागतांना विचारले. त्यांनी सांगितले की त्याची आधीचीच उपसंपदा धरा, आधीचेच वर्षावास मोजा आणि त्याला भिक्खुणींमध्ये जाऊ द्या. उलट भिक्खुणीच्या बाबतीत घडले तेव्हाही तोच निर्णय. पुन्हा दीक्षा नाही, प्रायश्चित्त नाही, ज्येष्ठता कमी नाही. असे शरीराने खरोखर घडते का, हा वाद आम्ही घालत नाही. आमचे लक्ष निर्णयाकडे आहे. पंचवीसशे वर्षांपूर्वी संघाने जागा बदलून दिली. आम्ही मांडव दाखवला.

पण एकाच बाजूचे सांगितले तर लबाडी होईल. त्याच विनयात पंडक आणि उभतोब्यंजनक म्हटलेल्यांना उपसंपदा देऊ नये असाही नियम आहे. आम्ही तो वाचला तेव्हा मन खट्टू झाले. संघाची त्या काळातली अडचण, लोकनिंदेची भीती असे खुलासे देतात. असतील. पण तो नियम भिक्खू होण्याबद्दल आहे. उपासकाने वंदनेला बसू नये असे काही त्यात नाही, आणि आमच्यासारख्यांनी त्याचा आधार घेऊ नये.

धम्मपदाच्या चित्तवग्गावरील अट्ठकथेत सोरेय्याची गोष्ट आहे. सोरेय्य नगरातला हा श्रेष्ठीपुत्र दोन मुलांचा बाप. महाकच्चायन थेरांना पाहून मनात भलता विचार आला आणि तो स्त्री झाला. लाजेने तक्षशिलेला गेला, तिथे संसार झाला, दोन मुलांची आई झाला. पुढे थेरांची क्षमा मागून पुन्हा पुरुष झाला आणि प्रव्रजित झाला. लोक त्याला सारखे विचारत, कोणती मुले जास्त लाडकी? तो म्हणे, पोटातून आलेली. अट्ठकथेने ही शिक्षा म्हणून रंगवली आहे, ते आम्हाला पटत नाही. पण लोकांची चौकशी तेव्हाही आजच्यासारखीच होती, हे पाहून हसू आले. आणि सोमा थेरी? माराने तिला हिणवले की दोन बोटांची अक्कल असलेल्या बाईला हे पद कुठले मिळायचे. तिने सुनावले की चित्त एकाग्र झाल्यावर बाईपणाचा संबंध काय. मी बाई आहे, मी पुरुष आहे असे ज्याच्या डोक्यात घोळते त्याच्याशी तू बोल.

आता आपल्या मुलखाचे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उस्मानाबाद हे नावही निजाम मीर उस्मान अलीचे, ते २०२३ मध्ये बदलून धाराशिव झाले. त्या राज्यात १३२९ फसली साली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, हिजड्यांसाठी एक कायदा झाला. हैदराबाद शहरात आणि सरकार जिथे लागू करील तिथे संशयित हिजड्यांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेला माणूस रस्त्यात बाईच्या कपड्यांत, दागिने घालून दिसला किंवा नाचगाणे करताना सापडला तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा हा नमुना. पारधी, कैकाडी बांधवांना तो कायदा पाठ आहे, सोलापूरच्या सेटलमेंटचे कुंपण त्यांच्या आज्यांनी पाहिले. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. गंमत बघा, हिजडा कोण हे ठरवायचे शरीर तपासून, आणि गुन्हा मात्र लुगडे नेसण्याचा. चार गोष्टींचे गाठोडे सरकारनेच बांधले. निजाम गेला, राज्ये बदलली, पण तेलंगणात तो कायदा पुस्तकात तसाच राहिला. तेलंगणा उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. शंभर वर्षे आणि वर चार.

कायदा असा असताना लुगडे नेसलेल्या पुरुषाला आपल्याकडे उभे राहायला जागा कुठे होती? देवीच्या दारात. तुळजापूरला, येरमाळ्याच्या चैत्री यात्रेला आम्ही लहानपणी पाहिलेले आहे. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, लुगडे नेसलेला आराधी. लोक त्याच्या पाया पडत आणि पाठ फिरली की टाळी वाजवून दाखवत. आपल्या किती घरांत परडी होती! १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, पोतराज, जोगतिणी, आराधी यांच्यापुढे बाबासाहेब बोलले आणि ही लाजिरवाणी रीत सोडा असे त्यांनी बजावले. १९५६ नंतर आपण परड्या सोडल्या. ते बरोबरच केले, त्यात शंका नाही. पण त्या परडीच्या आडोशाने जे जगत होते त्यांच्यासाठी आपण दुसरे दार उघडले का? आमच्या वाचनात तरी आले नाही. ते दार विहाराचे असायला हवे होते.

बाबासाहेबांनी याच विषयाच्या आसपास कोर्टात उभे राहून दाखवले होते, हे आपल्या पोरांना माहीत नसते. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत. लैंगिक प्रश्नांवर वाचकांना छापील उत्तरे देत. त्या उत्तरांवर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने वकील कोण? डॉ. आंबेडकर. समलिंगी संबंधांचाही प्रश्न त्यात होता. बाबासाहेबांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाचा आधार घेतला. ज्ञानाने अंधार जातो, प्रश्न दाबून नाही, असा त्यांचा रोख. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. कोण कुणावर प्रेम करतो ही या चारांहून वेगळी, पाचवी गोष्ट आहे, तिच्यात शिरलो तर लेख लांबेल.

अलीकडचे थोडक्यात. शेजारच्या बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे मुलगी म्हणून वाढले, महिला शिपाई म्हणून भरती झाले. तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. रजेसाठी २०१७ मध्ये हायकोर्टापर्यंत जावे लागले, २०१८ च्या मे महिन्यात मुंबईला शस्त्रक्रिया झाली, पुढे लग्न झाले, २०२४ मध्ये ते बाप झाले. म्हणजे 'शरीर तर स्पष्ट असते' हे आपले गृहीतही कच्चेच. सोलापूर जिल्ह्यात माळशिरसच्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर ऊर्फ माउली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केले. जळगावच्या भादलीत अंजली पाटील यांचा अर्ज महिला राखीव जागेवरून बाद केला होता. आपल्याच औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो धरायला लावला आणि त्या निवडून आल्या. या सगळ्याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा निकाल आहे. आपली ओळख कोणती हे ज्याचे त्याने सांगायचे, असे त्यात म्हटले. भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी हा निकाल आला; आम्ही तेव्हा मिरवणुकीच्या हिशेबात होतो, पेपर वाचला नाही.

आपल्या बोलीत बाईमाणूस म्हणतात, गडीमाणूस म्हणतात. दोन्हींत माणूस आहेच. पण लेखाच्या सुरुवातीला आम्ही त्या लेकराला 'ते' म्हटले. ते खोडायचे होते, तसेच ठेवले, कारण त्या दिवशी आमच्या मनात तेच होते.

गेल्या महिन्यात तिच्या बहिणीकडून नंबर घेऊन आम्ही फोन केला. वर्धापन दिनाला ये म्हणालो. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाली, "काका, बसायचं कुठं ते आधी सांगा." आम्ही समिती, बैठक असे काहीतरी जुळवू लागलो तेव्हा आमच्या कुटुंबाने हातातून फोन घेतला. "माझ्या शेजारी बस. आणि चार दिवस आधी ये, खिरीच्या तांदळाला हात लागतील."

समितीच्या बैठकीत अजून दोघांचा विरोध आहे. ती येते म्हणाली आहे.