मनोविश्लेषणात्मक शिशुनिरीक्षण

मनोविश्लेषणात्मक शिशुनिरीक्षण ही मानसोपचाराचे शिक्षण घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणातील एक पद्धत आहे. कुटुंबात वाढणाऱ्या बाळाचे जन्मापासून साधारण दोन वर्षांपर्यंत, सल्ला वा उपचार न देता, नियमित निरीक्षण करणे हे तिचे स्वरूप होय.

इतिहास

एस्थर बिक (१९०२–१९८३) यांनी १९४८ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील बालमानसोपचाराच्या अभ्यासक्रमात ही पद्धत सुरू केली. त्यापूर्वी व्हिएन्नामध्ये शार्लट ब्यूलर यांच्याकडे त्यांनी बालवर्तनाचा अभ्यास केला होता. तेथे वर्तनाच्या मोजणीवर भर असे. बिक यांनी निरीक्षकाच्या भावनिक अनुभवालाही महत्त्व दिले. १९६० मध्ये लंडनच्या मनोविश्लेषण संस्थेच्या अभ्यासक्रमातही या पद्धतीचा समावेश झाला.

पद्धत

प्रशिक्षणार्थी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, एक तास बाळाच्या घरी जातो. तेथे तो टिपणे घेत नाही; परतल्यावर आठवणीतून सविस्तर वृत्तांत लिहितो. हा वृत्तांत मार्गदर्शकाच्या उपस्थितीत छोट्या गटात वाचून त्यावर चर्चा होते.

प्रशिक्षणार्थींवरील परिणाम

रडणारे बाळ किंवा थकलेली आई पाहून निरीक्षकाला तत्काळ मदत करावीशी वाटते. कधी तो मनातल्या मनात आईला दोष देतो. गटचर्चेत प्रत्यक्ष घडलेले आणि स्वतःला वाटलेले यांतील फरक त्याच्या लक्षात येतो. अर्थ लावण्याची घाई न करता अनिश्चितता सहन करणे, ही पुढे रुग्णासमोर बसताना लागणारी क्षमता यातून विकसित होते.

आरोग्यसेवेतील उपयोग

इझाबेल मेंझिस लिथ यांनी लंडनमधील एका रुग्णालयाच्या परिचर्यासेवेचा मनोविश्लेषणाच्या दृष्टीने अभ्यास केला. कामाची तुकड्यांत विभागणी करून परिचारिका रुग्णाच्या वेदनेमुळे येणाऱ्या चिंतेपासून दूर राहतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे रॉबर्ट हिन्शेलवुड व विल्हेल्म स्कोगस्टाड यांनी शिशुनिरीक्षणाची पद्धत आरोग्यसंस्थांच्या निरीक्षणासाठी वापरली.

गृहभेटींशी तुलना

महाराष्ट्रात, झरी जामणीसारख्या (यवतमाळ जिल्हा) ग्रामीण तालुक्यांतही, आशा स्वयंसेविका नवजात बाळाच्या घरी भेट देतात. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२व्या दिवशी, अशा सहा भेटी ठरलेल्या असतात. मात्र वजन व तापमान मोजणे आणि धोक्याची लक्षणे ओळखून बाळाला त्वरित उपचारासाठी पाठवणे हा त्यांचा उद्देश असल्याने हे मनोविश्लेषणात्मक निरीक्षण नव्हे. तेथे केवळ पाहत राहणे बाळाच्या जिवावर बेतू शकते. तथापि आई व बाळ यांच्याकडे त्यांच्याच घरात लक्षपूर्वक पाहणे हा दोन्हींचा समान पाया आहे.