अग्निमुष्टी चाच्याची कुळकथा

एइइचिरो ओदा या जपानी चित्रकथाकाराची ‘वन पीस’ ही मांगा, म्हणजे क्रमशः प्रसिद्ध होणारी चित्रकथा, जुलै १९९७ मध्ये ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि तिचे चलच्चित्ररूप, ज्याला अ‍ॅनिमे म्हणतात, ऑक्टोबर १९९९ पासून दूरचित्रवाणीवर दिसू लागले. या कथेतील पोर्टगस डी. एस हा तरुण चाचा एक सैतानी फळ खातो आणि त्याचा देहच आग बनतो. फळाचे नाव ‘मेरा मेरा नो मी’ असे असून ‘मेरा मेरा’ हा जपानीत ज्वाळा भडकल्याचा अनुकरणवाचक ध्वनी आहे. मुठीतून आगीचा लोळ फेकण्याच्या कौशल्यामुळे त्याला ‘हिकेन’, म्हणजे अग्निमुष्टी, हे बिरुद मिळाले. चाचेपण आणि अग्नी यांची कुळे मुळात वेगवेगळी असून या पात्रात ती एकत्र आली आहेत. आणि भीमा-कऱ्हेच्या खोऱ्यातील इंदापूर-बारामतीचा इतिहास, हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत समुद्रापासून दूर असूनही, या दोन्ही कुळांच्या जवळून जातो.

चाच्याचे कूळ आधी पाहावे. ‘कॅप्टन चार्ल्स जॉन्सन’ या नावाने १७२४ मध्ये लंडनला चाच्यांची जी चरित्रे छापली गेली, त्यांनी पुढच्या सर्व चाचेकथांना साचा पुरवला. त्यातील एडवर्ड टीच ऊर्फ काळदाढ्या हा लढाईच्या वेळी तोफेला बत्ती देण्याच्या जळत्या जामग्या टोपीखाली खोवीत असे आणि धुराने वेढलेला त्याचा चेहरा पाहून शत्रूची गाळण उडे, असे जॉन्सन सांगतो. लाकडी गलबतावर शिडे, दोर, डांबर आणि दारूगोळा एकत्र असल्याने दर्यावर्दी माणसाला वादळाइतकीच आगीची धास्ती असे. तीच आग कपाळाशी बाळगणारा पुरुष म्हणूनच अमानुष वाटला असावा. ओदाने या एका माणसाचे नाव दोघांत वाटले आहे. एडवर्ड न्यूगेट हा एसचा मानलेला पिता आणि मार्शल डी. टीच हा त्याचा घात करणारा. जामगीची आग मात्र या दोघांपैकी कोणाकडेच न राहता एसच्या अंगात उतरली, असे म्हणण्यास हरकत नाही.

काळदाढ्या नोव्हेंबर १७१८ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर मारला गेला आणि त्याच महिन्यात मुंबईचा इंग्रज गव्हर्नर चार्ल्स बून खांदेरीवर कान्होजी आंग्रे यांच्याशी लढून निष्फळ परतला. इंग्रजी कागदपत्रांनी दोघांनाही एकाच शब्दाने चाचे म्हटले. पण टीचच्या मागे कोणतेही राज्य नव्हते, तर कान्होजी हे शाहू छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख होते आणि त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, न घेणारे गलबत ते रीतसर पकडत. समुद्रावर कर घेण्याचा हक्क कोणाचा, या वादातील एका पक्षाने दुसऱ्याला दिलेले ते नाव होते. ओदाच्या कथेतील ‘जागतिक सरकार’ही ज्याला चाचा ठरवते तो वाचकाला नायक वाटतो, महाराष्ट्रातील वाचकाला ही उलथापालथ नवी नाही.

कान्होजींच्या आरमाराचे मूळ शोधू लागल्यास वाट घाटमाथ्यावर येते. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्या जहागिरीत पुणे, चाकण आणि इंदापूर यांच्यासह सुपे हा परगणा होता, आणि ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. मिठाचे पाणी न लागलेल्या या मुलखाचा वारसा ज्यांच्याकडे आला त्या शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर गलबते बांधण्यास आरंभ केला. पुढे कान्होजींना शाहूंच्या बाजूस आणणारे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या भिऊबाई बारामतीच्या नाईक जोशी घराण्यात दिली होती. बाळाजींचे नातू नानासाहेब पेशवे यांनी मात्र कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली; फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या तोफांनी एका गलबतास आग लागली आणि ती पसरून आंग्र्यांचे आरमार जळाले. आगीची धास्ती येथे अक्षरशः खरी ठरली.

अग्नीचे कूळ याहून कितीतरी जुने आहे. इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ या जपानी पुराणसंग्रहात कागुत्सुची नावाच्या अग्निदेवाच्या जन्माने त्याची आई इझानामी भाजून मरते आणि शोकाकुल पिता त्या बालकाचा तलवारीने वध करतो. एसची जन्मकथा याच जातीची आहे. त्याचा पिता, चाच्यांचा राजा गोल डी. रॉजर, याला देहदंड दिल्यावर सरकार त्याचे मूल शोधत बाळंतिणी आणि तान्ह्या बालकांच्या मागे लागते, तेव्हा आई पोर्टगस डी. रूज त्याला वीस महिने गर्भात राखते आणि त्याला जन्म देऊन प्राण सोडते. पित्याचे नाव टाकून एस आईचे नाव लावतो.

भारतीय वाचकाला येथे महाभारताच्या आदिपर्वातील और्वाची आठवण व्हावी. धनाच्या वादातून क्षत्रियांनी भृगुकुळाचा संहार मांडला आणि गर्भांनाही सोडले नाही. तेव्हा एका भृगुपत्नीने आपला गर्भ मांडीत दडवला आणि तो तेथे शंभर वर्षे राहिला. मांडी भेदून बाहेर आलेल्या त्या बालकाच्या तेजाने मारेकरी आंधळे झाले. सारे जग जाळायला निघालेल्या और्वाला पितरांनी आवरले, आणि त्याने आपला क्रोधाग्नी समुद्रात सोडला. तोच वडवाग्नी, घोड्याच्या मुखाने पाणी पिणारा. साम्य म्हणजे उसनवारीचा पुरावा नव्हे, पण पाठलाग झालेले कूळ, मुदतीपलीकडे राखलेला गर्भ, अग्नी आणि समुद्र ही चारही अंगे दोन्हीकडे आहेत, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. भार्गव, च्यावन, आप्नवान, और्व, जामदग्न्य असा प्रवर, म्हणजे गोत्रातील ऋषींची नामावळी, उच्चारणाऱ्या वत्सगोत्री घरांत हा अग्निपुत्र आजही पूर्वज म्हणून मोजला जातो.

महाभारत आर्या वृत्तात मराठीत आणणारे मोरोपंत (१७२९–१७९४) हे त्याच नाईक जोशी घराण्यातील बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस राहिले. निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठांनी उच्चारायची व्यंजने टाळून रचलेले रामायण, यासारखे प्रयोग करीत त्यांनी एकशेआठ रामायणे रचली असे परंपरा सांगते. समुद्र ओलांडून गेलेला, शत्रूनेच पेटवलेल्या शेपटीने त्याचे नगर जाळणारा आणि स्वतः न भाजणारा हनुमान ही अग्निवीराची या भागातील सर्वांत परिचित मूर्ती होय. लंका जाळून झाल्यावर तो शेपूट समुद्रातच विझवतो. और्वाचा अग्नीही समुद्रातच ठाव घेतो. आपल्या पुराणांत समुद्र अग्नीला सामावून घेतो, तर ओदाच्या जगात सैतानी फळ खाणारा पोहण्याची शक्ती कायमची गमावतो आणि पाण्यात पडताच दगडासारखा बुडतो. एसची ‘स्ट्रायकर’ ही लहानशी आगबोट त्याच्या पायांतील ज्वाळांवर चालते, पण तिच्यावरून तोल गेला तर ती आग कामाची नाही. ओदाच्या कल्पनांपैकी ही सर्वांत कसदार म्हणावी लागेल, कारण अमर्याद बळाच्या नायकाला तिने भोवतालीच सीमा आखून दिली; ती नसती तर एस हा केवळ आतषबाजी राहिला असता.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकरणांत एस मरतो आणि तो पाण्याने मरत नाही. धाकटा मानलेला भाऊ लुफी याला पाठीशी घालताना आकाइनू या नौदलाधिकाऱ्याची लाव्हाची मूठ एसच्या देहातून आरपार जाते. आगीहून दाहक वस्तूने आगीचा पराभव करण्याची ही युक्ती थोडी सोयीची वाटली तरी प्रसंग वाया जात नाही. ओदाच्या नियमानुसार धारक मेला की त्याची शक्ती दुसऱ्या फळात पुन्हा उपजते. एसचे ते फळ पुढे साबो खातो, आणि साबो हा त्याचा रक्ताचा कोणी नसून लहानपणी लुफीसह तिघांनी साकेचा, म्हणजे तांदळाच्या मद्याचा, प्याला घेऊन जोडलेला भाऊ असल्यामुळे, ज्या मुलाला पित्याच्या रक्तापायी जन्माआधीच मारेकरी लागले होते त्याच्या अग्नीचा वारसा रक्ताबाहेर गेला.