विरूबाई व मस्तानी : दासीपणाच्या दोन प्रवादांची छाननी

मस्तानी ही थोरल्या बाजीरावाच्या घरची चाकर होती, निदान नाचगाण्यासाठीं ठेवलेली बाई होती, आणि तिचा व पेशव्याचा संबंध आरंभीं चोरटा होता, ही समजूत अद्यापि पुष्कळांच्या मनांत आहे. आमच्या तळवडे गांवचा एक जुना विद्यार्थी हल्लीं चाकणकडील कारखान्यांत कामास जातो. तो मध्यंतरीं सुटीच्या दिवशीं राजगुरुनगरावरून पाबळास जाऊन मस्तानीची कबर पाहून आला; आणि येतांच त्यानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, ती राणी होती कीं मोलकरीण ?" आम्हीं त्या वेळीं छत्रसालाचें नांव सांगून त्याचें समाधान केलें. परंतु आमचें उत्तर अर्धवट होतें, हें मागाहून लक्षांत आलें. सबब हें टिपण. यांत मस्तानीच्या शेजारीं आम्ही आणखी एका स्त्रीस बसवीत आहों. छत्रपति शाहूच्या घरची विरूबाई ती ही. विरूबाई खरोखरीच दासी होती. आणि या दोघींचाही अंत एकाच सालीं, म्हणजे १७४० मध्यें, झाला.

प्रथम शब्दांचा निवाडा केला पाहिजे. दासी, बटीक, कुणबीण, नाटकशाळा, कलावंतीण हे शब्द आजचा वाचक सरसकट एकाच अर्थानें घेतो. जुन्या कागदांत ते तसे नाहींत. कुणबीण अगर बटीक म्हणजे विकत घेतलेली किंवा सरकारांत जमा झालेली, घरकामास राबणारी स्त्री. कलावंतीण ही गाण्यानाचण्याचा धंदा करणारी. नाटकशाळा म्हणजे धन्यानें आपल्याजवळ राखलेली. धर्मशास्त्रांतही हा भेद आहे. याज्ञवल्क्य आपल्या व्यवहाराध्यायांत अवरुद्धा व भुजिष्या अशा दासी निराळ्या काढतो, आणि त्यांच्याशीं परपुरुषानें संबंध ठेवल्यास पन्नास पण दंड सांगतो. म्हणजे धन्यानें घरांत कोंडून राखलेली दासी ही शास्त्रकारांस ठाऊक होती, मान्यही होती. तिला पत्नीत्व तेवढें नव्हतें. तेव्हां सरदाराच्या किंवा राजाच्या वाड्यांत दासीशीं संबंध असणें यांत गुप्त ठेवण्यासारखें कांहीं नव्हतें. 'गुप्त प्रेम' ही कल्पना आपण कादंबऱ्यांतून घेतली आणि मागील काळावर लादली. त्या काळीं कुजबुज होई ती निराळ्या गोष्टीची : तिला म्हणावें काय, आणि तिच्या मुलास बसवावें कोठें ?

आम्ही जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें, त्यामुळें येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कालिदासाची मालविका राणी धारिणीच्या परिवारांत नृत्य शिकणारी परिचारिका. हर्षाची सागरिका वासवदत्तेच्या सेवेंत ठेवलेली मुलगी. दोघींवरही राजाचें मन जडतें, चोरून भेटी होतात, विदूषक मध्यस्थी करतो, राणीला संताप येतो. आणि शेवटच्या अंकांत काय निघतें ? मालविका विदर्भाची राजकन्या, सागरिका सिंहलेश्वराची कन्या रत्नावली. दासी म्हणून जी अग्राह्य होती ती राजकन्या ठरतांच राणी स्वतःच तिचा हात राजाच्या हातीं देते. प्रेक्षक समाधानानें घरीं जातात. नाटककारास राजाचें प्रेम दासीवर दाखवावयाचें असतें, परंतु दासीशीं लग्न लावावयाचें नसतें. म्हणून ही युक्ति. आमच्या इतिहासांत मात्र याच्या उलट घडलें.

आतां विरूबाईकडे वळूं. १६८९ सालीं रायगड पडला आणि सात वर्षांचा शाहू आई येसूबाईसह मोंगलांच्या हातीं लागला. तेव्हांपासून १७०७ पर्यंत तो बादशाही छावणींत होता. त्याचीं लग्नेंही तेथेंच, औरंगजेबाच्या संमतीनें, शिंदे व जाधव या घराण्यांतील मुलींशीं झालीं. नववधूबरोबर दासी पाठविण्याच्या चालीप्रमाणें विरूबाई या घरांत आली. परंपरा अशी आहे कीं, बादशहानें शाहूची वधू पाहण्याची इच्छा दर्शविली. कुळवंताची सून परपुरुषाच्या, त्यांतून शत्रूच्या, नजरेस पडूं नये म्हणून वधूचीं वस्त्रें विरूबाईच्या अंगावर चढवून तिलाच पुढें करण्यांत आलें. आणि बादशहापुढें जी एकवार शाहूची बायको म्हणून उभी राहिली तिला शाहूनें पुढें अंतर दिलें नाहीं.

कथा सुरस आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयीं सावध असावें. ती सातारच्या परंपरेंतून आलेली. त्या परंपरेची प्रमुख बखर मल्हार रामराव चिटणीसानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे प्रसंगानंतर शंभर वर्षांनीं, लिहिली. शिवाय या कथेनें दोन कामें एकदम साधतात. खऱ्या सुनेचा पडदा राखला जातो; आणि एक दासी छत्रपतीच्या घरांत एवढी वर कशी चढली, या अडचणीच्या प्रश्नास सोज्वळ उत्तर मिळतें. तिनें स्वामिकार्य केलें, त्याचें हें फळ ! ज्या कथेची समाजास इतकी गरज असते, ती घडली नसती तरी कोणीं तरी रचली असतीच. ती खोटी, असें आम्ही म्हणत नाहीं. स्वतंत्र पुराव्यावांचून ती इतिहासांत घेऊं नये, इतकेंच आमचें म्हणणें.

कथा बाजूस ठेवली तरी पुढील गोष्टी उरतात, आणि त्याच महत्त्वाच्या आहेत. १७०७ त सुटून येत असतां पारद गांवीं चकमक झाली. तींत लोखंडे पाटील पडला, व त्याच्या विधवेनें आपलें मूल शाहूच्या पायांवर घातलें. शाहूनें त्या राणोजीचें नांव फत्तेसिंह ठेवून त्यास मुलाप्रमाणें वाढविलें. आणि तें वाढविण्याचें काम विरूबाईकडे आलें. हाच अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा मूळ पुरुष. १७३३ त जंजिऱ्याच्या मोहिमेंत बाजीरावाच्या जोडीला छत्रपतीच्या वतीनें हाच फत्तेसिंह होता. एका दासीच्या मांडीवर वाढलेला पाटलाचा पोर पेशव्याच्या बरोबरीनें मोहिमेवर जातो, आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडल्याचें दिसत नाहीं. साताऱ्यास राजवाड्याची अंतर्गत व्यवस्था विरूबाईच्या हातीं असे. सकवारबाई व सगुणाबाई या राण्या तिचा मान राखीत. शाहूचें तिच्याशीं लग्न झालें नव्हतें. तो अखेरपर्यंत तिच्या सल्ल्यानें घर चालवीत राहिला, आणि १७४० च्या डिसेंबरांत ती वारली तेव्हां त्याला तो घाव फार लागला.

मस्तानीची हकीकत वाचकांस परिचित आहे. 'राऊ' कादंबरीनें १९७२ पासून व चित्रपटानें २०१५ पासून ती घरोघर पोंचविली आहे, आणि पुण्यांत तिचें नांव एका थंडगार पेयासही मिळालें आहे. (पेशवाईंतील दुसऱ्या कोणाच्या वांट्यास हें भाग्य आलेलें नाहीं.) आम्हांस येथें पाहावयाचें तें तिच्या मूळाविषयींच्या प्रवादांचें. एक म्हणतो, ती छत्रसाल बुंदेल्याची मुसलमान स्त्रीपासून झालेली कन्या. महंमदखान बंगषानें जैतपुरास छत्रसालास कोंडलें असतां १७२९ त बाजीरावानें त्याची सुटका केली, त्या उपकाराच्या पोटीं ती पेशव्यास मिळाली. दुसरा तिला निजामाच्या घरची ठरवितो. तिसऱ्या कथेंत ती कोणा मोंगल सरदाराजवळची कलावंतीण असून लुटींत मराठ्यांच्या हातीं लागली. एका फारसी तवारिखेंत तिला 'कंचनी' म्हटलें आहे; परंतु तेथेंच ती घोड्यावर बसण्यांत व तरवार-भाला चालविण्यांत तरबेज असून मोहिमेंत बाजीरावाबरोबर असे, असेंही लिहिलें आहे. नुसती नाचणारीण मोहिमेंत भाला घेऊन फिरते, हें तवारीखकारास विसंगत वाटलें नाहीं, याचें नवल वाटतें.

आमच्या मतें बुंदेलखंडाचा पक्ष सर्वांत बळकट आहे. मस्तानीचा नातू अलीबहादूर पुढें बुंदेलखंडांत गेला, १८०२ त कालिंजरच्या वेढ्यांत वारला, आणि त्याचे वंशज बांद्याचे नवाब झाले, ही गोष्ट त्यास अनुकूल आहे. तो निर्णायक पुरावा मात्र नव्हे. कारण बुंदेलखंडांत पेशव्यांचा हक्क छत्रसालानें दिलेल्या मुलखामुळें स्वतंत्रपणें होताच. आणि हा पक्ष खरा धरला तरी वादाचें मूळ त्यांतच आहे. छत्रसालाच्या राखलेल्या स्त्रीची मुलगी ही बुंदेल्यांच्या वाड्यांत राजकन्याही असूं शकते आणि दासीकन्याही. ज्याला जें म्हणावयाचें त्यानें तें म्हणावें. पुण्यांत दुसरें नांव चाललें.

तें कां चाललें, हा खरा प्रश्न. रियासतकार सरदेसायांनीं १९३० नंतर पेशवे दप्तराचे जे ४५ खंड काढले, त्यांपैकीं बाजीरावाच्या कुटुंबाविषयींच्या खंडांतील पत्रें वाचतां एक गोष्ट मनांत ठसते. नाटकशाळा बाळगल्याबद्दल पेशव्याशीं कोणाचें भांडण नव्हतें. तसल्या स्त्रिया पुष्कळ सरदारांच्या घरीं होत्या, आणि त्यांपायीं कोणाची मुंज अडली नाहीं. भांडण उत्पन्न झालें तें बाजीराव मस्तानीस नाटकशाळेप्रमाणें वागवीना म्हणून. शनिवारवाड्यांत तिचें वेगळें राहण्याचें ठिकाण होतें, वाड्याचा एक दरवाजा आजतागायत तिच्या नांवानें ओळखला जातो. आणि १७३४ मध्यें तिला पुत्र झाला. 'ती कलावंतीण' हें म्हणणें घरच्या मंडळींस एका परीनें दिलासा देणारें होतें. कलावंतीण ठरली कीं तिला दूर करतां येतें, अटकेंत ठेवतां येतें, आणि तिच्या मुलाचा प्रश्न आपोआप मिटतो. पत्नी ठरली तर यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. तिचें यवनीपण हें या सर्वांच्या मुळाशीं होतें, हें निराळें सांगावयास नको; विरूबाईच्या बाबतींत तो कांटा नव्हता. परंतु यवन नाटकशाळाही पुण्यास सोसवली असती. यवन पत्नी सोसवली नाहीं.

विरूबाई अगदीं याच्या उलट. शाहूनें तिच्यासाठीं पत्नीपण मागितलें नाहीं, म्हणून लोकांनीं पत्नीपणावांचून बाकी सर्व कांहीं तिला आनंदानें दिलें. 'बाई' म्हटलें, मान दिला, वधूच्या वेशांतली कथाही दिली. जन्मानें दासी असलेली स्त्री कथेंत क्षणभर राणी झाली, आणि जिच्या अंगीं राजाचें रक्त असण्याचा संभव अधिक, ती लोकांच्या तोंडीं दासी होऊन बसली. मालविकेचा शेवटचा अंक पुण्यास उलटा वठला तो असा.

१७३९ च्या अखेरीपासून ही गोष्ट हातघाईवर आली. मस्तानीवर चौकी बसली. ती एकदां निसटून पेशव्यापाशीं गेली. आणि जानेवारी १७४० त, बाजीराव नासिरजंगावरील स्वारींत गुंतला असतां, तिला पुन्हां अटक झाली. ही अटक चिमाजीअप्पा व नानासाहेब यांच्या विचारें झाली, म्हणजे धाकट्या भावाच्या व थोरल्या मुलाच्या. पुढील महिन्यांत घरांत रघुनाथरावाची मुंज होती, सदाशिवरावाचें लग्न होतें. कार्यास ब्राह्मण येतात कीं नाहीं ही धास्ती होती. या दोघांस आम्ही दुष्ट म्हणत नाहीं. त्यांची पत्रें काळजीनें भरलेलीं आहेत, आणि बाजीरावाविषयींची त्यांची माया खोटी नव्हती. पण बाजीराव पुण्यास परतलाच नाहीं. २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदातीरीं रावेरखेडी येथें तो वारला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मस्तानीही गेली. तिनें विष घेतलें, हिरकणी गिळली, सती गेली, असे नाना प्रवाद त्यावरही उठले. कोठडींतल्या माणसाच्या मरणाविषयीं प्रवाद उठावयाचेच.

राजघराणीं अशा वेळीं काय करितात याचें एक दूरचें उदाहरण ध्यानांत येतें. आग्र्याचा अब्दुल करीम हा १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या घरीं वाढपी म्हणून गेला आणि राणीचा मुनशी होऊन बसला. त्यावरून दरबारांत जी कुजबुज झाली ती राणीच्या हयातींत कोणास थांबवितां आली नाहीं. १९०१ त ती वारतांच तिच्या मुलानें मुनशाजवळचीं पत्रें मागवून जाळलीं व त्यास हिंदुस्थानांत परत धाडलें. चाकराशीं असलेल्या स्नेहाचा कागद राहूं द्यावयाचा नाहीं, ही एक रीत झाली. पुण्याची रीत पाहतां आम्हांस ती अधिक बरी वाटते : कागद राहिले. ज्यांनीं मस्तानीस कैद केलें त्यांचींच पत्रें आज तिची साक्ष देतात.

तिच्या मुलाचें काय झालें, हें सांगितलें म्हणजे आमच्या विद्यार्थ्यास द्यावयाचें उत्तर पुरें होईल. समशेरबहादूर हा पेशव्यांच्या घरींच वाढला. ज्या नानासाहेबानें त्याच्या आईस अटक केली, त्याच्याच कारकीर्दींत त्यास सरंजाम मिळाला, फौज मिळाली. त्यानें ब्राह्मणांच्या पंक्तीची आशा केली नाहीं व कोणीं ती दिली नाहीं; परंतु १७६१ सालीं पानिपतावर तो भाऊसाहेबाच्या बरोबर उभा होता. ज्या सदाशिवरावाच्या लग्नकार्यासाठीं मस्तानी कोठडींत गेली, तोच हा भाऊसाहेब. समशेरबहादूर जखमी होऊन रणांतून निघाला आणि जाटांच्या मुलखांत वारला. त्या वेळीं त्याचें वय सत्तावीस वर्षांचें होतें.

पाबळ हें गांव बाजीरावानें मस्तानीस दिलेलें. तळवड्याहून चाकणास जावें, तेथून राजगुरुनगरास, आणि पूर्वेकडील रस्ता धरावा म्हणजे तें लागतें. तेथील थडग्यास कोणी मस्तानीची मजार म्हणतात, कोणी समाधि म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यानें दोन्ही शब्द ऐकले होते, आणि यांतला बरोबर कोणता, हें विचारावयास तो पुन्हां आमच्याकडे आला. दोन्ही लिहून ठेव, असें आम्हीं त्यास सांगितलें.