तीन सेकंदांचा स्वरमेळ

आपल्या मैफलींतले वाद बहुधा रागाच्या शुद्धतेवरून किंवा घराण्यावरून होतात. आज ज्या वादाची हकीकत सांगणार आहें, तो एका इंग्रजी गीताच्या अवघ्या तीनएक सेकंदांच्या आरंभावरून उत्पन्न झाला, आणि अजूनही तो पुरता मिटलेला नाहीं.

बीटल्स या लिव्हरपूलच्या चौघा वादकांनीं १६ एप्रिल १९६४ रोजीं लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत ‘अ हार्ड डेज नाइट’ हें गीत मुद्रित केलें. याच नांवाच्या बोलपटाचा प्रारंभ त्यानें व्हावयाचा असल्यामुळें, मुद्रणाचे सूत्रधार जॉर्ज मार्टिन यांना पहिलाच आघात दमदार हवा होता. हा आघात म्हणजे अनेक स्वर एकदम छेडून साधलेला मेळ. तिकडे त्यास कॉर्ड म्हणतात. तो वाजवूं पाहणाऱ्या रसिकांची मात्र फसगत होई. कोणी त्याचा आधार ‘जी’ सांगे, कोणी ‘डी’, कोणी ‘एफ’. आणि कोणाच्याही गिटारीवर तो हुबेहूब उतरेना.

जवळजवळ सदतीस वर्षें लोटल्यावर, २००१ च्या फेब्रुवारींत रसिकांनीं खुद्द जॉर्ज हॅरिसन यांनाच विचारलें. बारा तारांच्या गिटारवर ‘एफ’चा मेळ आणि वर ‘जी’, असें त्यांनीं सांगितलें. खर्जाचें मात्र पॉल मॅकार्टनी यांना विचारा, म्हणाले! कर्त्याची साक्षही अर्धीच निघाली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत हॅरिसन निवर्तले.

२००४ सालीं कॅनडांतील डलहौसी विद्यापीठाचे गणिती जेसन ब्राउन यांनीं फूरियेच्या गणितानें त्या ध्वनीचीं कंपनें वेगळीं केलीं. कांहीं स्वर गिटारच्या हिशेबांत बसेनात. तेव्हां मार्टिन यांनीं त्याच क्षणीं पियानोही वाजविला असावा, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. कोणता स्वर कोणाचा, ही त्यांची वांटणी सर्वांना पटली नाहीं.

आतां आपल्या कानानें पाहूं. गीताचा षड्ज ‘जी’ धरला, तर मेळांतले ‘एफ, ए, सी, डी’ हे कोमल निषाद, ऋषभ, मध्यम व पंचम ठरतात. म्हणजे मध्यमाद सारंगाचेच पांच स्वर! अर्थात् राग स्वरांच्या चलनानें होतो, गर्दीनें नव्हे. तेव्हां त्या मंडळींनीं सारंग गाइला असें कोणीं समजूं नये. पण गांधार नाहीं, हें महत्त्वाचें. तिकडच्या शास्त्रांत ‘जी’चा मेळ कोणत्या जातीचा, तें गांधारावरून ठरतें, तोच नसल्यानें नांवाविषयीं एकमत व्हावें कसें? गाणें सुरू होतांच साथींत शुद्ध गांधार येतो आणि ताटकळलेला कान निवतो. पुढें साथींत दोन्ही निषाद येतात, तेव्हां मला तर खमाजाची आठवण होते.

हे पांच स्वर मीं घरच्या पेटीवर एकदम दाबून पाहिले. स्वर बरोबर, पण तो खणखणाट कांहीं येईना. पेटीचा स्वर भाता चालेल तोंवर सारखा राहतो. तारेचा स्वर उसळतो आणि लगेच ओसरूं लागतो. रसिक इतकीं वर्षें स्वरांच्या नांवांसाठीं भांडले, तरी त्यांना खरें हवें होतें तें हें उसळणें.

गीताच्या अखेरीस तोच मेळ गिटारवर एकेक स्वर सुटा होऊन विरत जातो. शांतपणें ऐकणाऱ्यास तेथें ‘एफ, ए, सी, जी’ मोजून घेतां येतात. उरतो तो खालचा ‘डी’, आणि मार्टिन यांचा पियानो.