रणगाड्यातल्या वायरलेसची हरवलेली जोडणी

जुना लष्करी वायरलेस संच सापडतो. त्याच्या केबली सापडत नाहीत. संच शोभेची वस्तू म्हणून टिकतो, केबल तांब्या-पितळेच्या भावाने भंगारात जाते. राळेगावात बसून अशा संचांचा अभ्यास करताना माझी खरी शोधाशोध असते ती प्लग-सॉकेटांची.

दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश ‘वायरलेस सेट नंबर १९’ घ्या. तो ब्रिटनबरोबर कॅनडा व अमेरिकेतही तयार झाला. लांबचा संदेश, जवळच्या रणगाड्यांशी बोलणे आणि रणगाड्यातल्या माणसांचे आपसातले बोलणे, ही तिन्ही कामे एकाच पेटीत होती. म्हणून त्याला १२ आणि ६ पिनांच्या जोडण्या. कोणाचा आवाज कोणापर्यंत जात होता, हे या तारांवरूनच कळते. पॅनेल कापून आजचा प्लग बसवला, की हा पुरावा पुसला जातो.

सगळेच दुर्मीळ नाही. यातल्या बऱ्याच व्हॉल्व्हना १९३५ मध्ये अमेरिकेत आलेला आठ पिनांचा ऑक्टल बेस आहे. पुढे तोच प्लग-इन रिले व टायमरांनी घेतला. त्यामुळे जिनिंगच्या मोडीत निघालेल्या पॅनेलातही त्याचे सॉकेट मिळते.

१२ पिनांचा प्लग मिळाला नाही, तर मी सुटा अडॅप्टर करतो. वीज देणाऱ्या बाजूला सॉकेट, घेणाऱ्या बाजूला पिना, हा नियम मोडत नाही. प्रेषणाचा दाब पाचशे व्होल्टच्या आसपास असतो, उघडी पिन जीव घेईल. अडॅप्टरवर तारीख कोरतो, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तो मूळचा वाटणार नाही.